कोरडी हवा

पहाटे साडेपाचला, कॉम्प्रेसर लावायच्या आधी,
एदुविहेस कानुल विश्लेषक हातात घेते
आणि बंद पडलेल्या घड्याळासारखा झटकते.
झटकून काही होत नाही. सवय आहे.

बाहेर जंगल घामेजलेलं.
सेनोतेच्या तोंडावर वाफ,
दोरीवरचे वेटसूट काल होते तितकेच ओले.
मी म्हणतो, हवा सगळीकडे आहे,
इथेच लाव ना वीस पॉइंट नऊला.
ती म्हणते, या हवेत पाणी येऊन बसलंय रे.
पाण्याने जागा अडवली की ऑक्सिजन सरकून बसतो,
वीस पॉइंट दोन भरेल फार तर.
ओल्या हवेला पुरं माप दिलंस
तर दिवसभर प्रत्येक बाटली थोडं थोडं खोटं बोलेल,
आणि थोडं खोटंच पकडता येत नाही.

म्हणून कोरड्या हवेची टाकी.
गरम आतोलेवर घालावी तेवढीच फुंकर,
मिनिटाला दोन लिटर.
आकडे धावतात, अडखळतात,
वीस पॉइंट सात, आठ,
नऊ.
आकडा थांबला म्हणून उठायचं नाही, ती म्हणते,
तो बसलाय की नुसता दम खातोय, बघ.

सेलच्या पोटात शिशाचा तुकडा असतो.
पाकीट फोडलं त्या दिवसापासून झिजतो,
पाण्यात न्या नाहीतर कपाटात ठेवा.
प्रत्येकाच्या पाठीवर तिने जन्मतारीख लिहिलीय, पेनने.
दुसरी तारीख पेन्सिलीने.

आठ वाजता ब्रेमेनचा हेनिंग आला.
रीब्रीदर उतरवून त्याने तिसरा सेल टेबलावर टाकला.
हा बिघडलाय. काल खाली
दोघं म्हणत होते एक पॉइंट एक,
हा एकटाच एक पॉइंट चार.
यंत्रानेसुद्धा दोघांचं ऐकलं.
दोन विरुद्ध एक, त्याने बोटं दाखवली,
जणू आम्हाला मराठी काय, मोजणीही येत नसावी.

(मराठी मला आजीच्या पत्रांतून येते. ती वेगळी गोष्ट.)

एदुविहेस काही बोलली नाही.
हवेत तिघेही शहाणे निघाले.
शुद्ध ऑक्सिजनवर तिघेही पन्नास मिलिव्होल्ट, एका सुरात.
हेनिंगने माझ्याकडे पाहिलं.
मग तिने जावयाने नळाच्या तुकड्यांतून जोडलेलं
दाबाचं भांडं काढलं,
तिघांना आत कोंडलं, चावी फिरवली.

पंचावन्नला पहिला थांबला.
दुसरा त्याच्या शेजारी थांबला,
जिन्यात एकाच पायरीवर बसलेले दोन दमेकरी.
तिसरा चढत राहिला.
सत्तर. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी.
भांड्यात दाब होता तितकाच,
ना कमी ना जास्त.

त्या दोघांची पाकिटं एकाच दिवशी फोडली होती,
गेल्याच्या गेल्या वर्षी, हेनिंग म्हणाला, हळू.
एकाच दिवशी म्हातारे झालेले,
एकमेकांच्या होला हो मिळवणारे.
त्यांची तक्रार ऐकून यंत्र काल
ऑक्सिजन ओतत राहिलं होतं:
कमी आहे, अजून कमी आहे.

ओठ जरा फडफडत होते माझे,
तो म्हणाला.
मला वाटलं, पाणी गार आहे.

कुणीच काही म्हटलं नाही.
कुत्रं आलं, टेबलाखाली बघून गेलं.
एदुविहेसने दोघांना शिशाच्या डब्यात टाकलं,
तिसरा हेनिंगच्या तळहातावर ठेवला.
दोन नवे घे, म्हणाली,
पण दोघांची पाकिटं एकाच दिवशी फोडू नकोस.

मग मला पहिली बाटली दिली.
मी पट्टी चिकटवली:
बत्तीस टक्के. तेहेतीस मीटर. तारीख.
सहीच्या जागी पेन अडलं.

आकडा तू वाचलास?
हो.
थांबलेला?
मी पुन्हा झडप उघडली,
आणि बघत बसलो.